खाद्याच्या पोत्यातील औषध

१९ जुलै २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांमध्ये, मत्स्यपालनात व पशुखाद्यात वापर करण्यास बंदी घातली. या बंदीचे स्वागत करणे प्राप्तच आहे. परंतु ती घालण्याची पाळी का आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी जवळजवळ अडगळीत टाकलेले हे जुने औषध, इतर औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर अत्यवस्थ रुग्णांचा अखेरचा आधार म्हणून पुन्हा बाहेर काढण्यात आले. आणि नेमके तेच औषध, कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून, खाद्यात मिसळण्यासाठी खुलेआम विकले जात होते!

या प्रथेचा उगम अमेरिकेतील आहे. १९५० च्या सुमारास लेडर्ले प्रयोगशाळेतील थॉमस ज्यूक्स व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ऑरिओमायसिन तयार करताना उरणारा चोथा खाऊ घातलेली पिल्ले अधिक वेगाने वाढतात. कारखान्यातील टाकाऊ मालाला बाजारपेठ मिळाली. पक्षी आजारी असो वा नसो, रोज थोडे औषध त्याच्या पोटात जाऊ लागले. रोगजंतूंना प्रतिकाराचे शिक्षण देण्यासाठी याहून सोयीची शाळा शोधून सापडली नसती. मात्रा इतकी अल्प की जंतूंचा निःपात होत नाही. दुर्बळ तेवढे मरतात, आणि तग धरणारे वाढत राहतात.

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, इ. कोलाय हे जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतात. नीट शिजवलेल्या रश्श्यात ते मरतात हे खरे. पण ज्या सुरीने कोंबडी कापली तिनेच कांदा-काकडी चिरली, तर ते ताटात पोहोचतात. खताबरोबर शेतात आणि सांडपाण्याबरोबर ओढ्यात जातात ते वेगळेच. बहुतेकांची हगवण औषधावाचून बरी होते. तान्ह्या मुलाच्या किंवा वृद्धाच्या रक्तात जंतू शिरला म्हणजे मात्र प्रतिजैविकाची गरज पडते आणि ते लागू पडत नाही असे दिसून येते. शिवाय प्रतिकाराचा गुण एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतो. चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे असे एक संक्रमणशील जनुक सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. २०१७ मध्ये त्या देशाने वाढीसाठी कोलिस्टिन वापरणे थांबविले.

शास्त्रज्ञांनी इशारा दिला नव्हता असे नाही. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ मध्येच सांगितले होते की, माणसाच्या उपचारासाठी लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. इशाऱ्याचे पुढे काय होते, हे अमेरिकेत दिसले. कोंबड्यांना फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे देण्यास तेथे १९९५ पासून परवानगी मिळाली. माणसांतील कॅम्पिलोबॅक्टर त्यांना जुमानेनासा झाला. ऑक्टोबर २००० मध्ये औषध प्रशासनाने परवानगी काढून घेण्याचे ठरविले. एका कंपनीने माघार घेतली. दुसरी, बायर, भांडत राहिली, आणि बंदी अमलात आली ती सप्टेंबर २००५ मध्ये. मधली पाच वर्षे विक्री चालूच होती.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च असे सौम्य नाव आहे. साध्या मराठीत सांगायचे तर, नफा एकाच्या गल्ल्यात आणि खर्च रुग्णाच्या खाटेवर. महाराष्ट्रातील करारावरचे कुक्कुटपालनच पाहावे. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि घरच्या माणसांचे श्रम शेतकऱ्याचे. सुमारे चाळीस दिवसांनी कंपनी पक्षी उचलते आणि किलोमागे ठरलेला मोबदला देते. मरतूक वाढली किंवा खाद्य जास्त लागले की तो घटतो. पोत्यात काय मिसळले आहे हे अनेकदा त्या शेतकऱ्यालाही ठाऊक नसते. त्याला गुन्हेगार ठरविणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंडी व कोंबडी हीच गरिबाच्या आवाक्यातील प्रथिने. औषधे काढली तर ती महाग होतील. डेन्मार्कचा अनुभव याचे उत्तर देतो. तेथे १९९५ च्या सुमारास पशुवैद्यांनी औषधविक्रीतून मिळवावयाच्या नफ्यावर कडक मर्यादा घालण्यात आली. सहकारी संस्थांत संघटित झालेल्या वराहपालकांनी शतकाच्या अखेरीपर्यंत वाढीसाठीची प्रतिजैविके सोडून दिली. १९९२ ते २००८ या काळात तेथील वराह-उत्पादन ४७ टक्क्यांनी वाढले. किलोमागे औषधवापर मात्र निम्म्यावर आला. स्वच्छ गोठा, मोकळी जागा आणि पिल्लांना उशिरा आईपासून तोडणे यांनाही खर्च येतोच. पण तो उत्पादनखर्चाच्या हिशेबात दिसतो, रुग्णालयाच्या बिलात लपत नाही.

आपल्याकडे बंदीचा कागद आहे. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर औषधाचे नाव व मात्रा मराठीत छापलेली असावी, करारात त्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली असावी, आणि जिल्ह्यातील नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, या मागण्यांसाठी कुक्कुटपालकांच्या संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते एका व्यासपीठावर येऊ शकतात. कंपन्यांची पहिली हरकत पोत्यावरच्या छपाईलाच असेल. म्हणून सुरुवात तेथूनच करावी.