चाकातली मोटार आणि दुरुस्तीचा हक्क

पावसाळ्याच्या दिवसांत भोसरीहून चाकणकडे पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या लोंढ्यात अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. विजेवर चालणारी दुचाकी हाताने ढकलीत एखादा स्वार रस्त्याच्या कडेने चाललेला असतो. पेट्रोलची गाडी बंद पडली, तर प्लग काढून, पुसून, पुन्हा बसवून तो किक मारून पाहत असे; तेवढ्याने न भागल्यास वाटेतल्या गॅरेजवाल्याच्या हवाली ती करून कामावर जात असे. या नव्या गाडीपुढे मात्र तो हतबल होतो. तिची मोटार मागच्या चाकाच्या पोटात बंदिस्त आहे. नेहमीचा मेकॅनिक तिला हात लावण्यास धजत नाही, आणि विक्रेत्याच्या दुकानात चार दिवस खेटे घातल्यावर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘पूर्ण मोटार बदलावी लागेल.’ या एका वाक्याचा आज आम्हांला परामर्श घ्यावयाचा आहे. कित्येक प्रसंगी ते खरे नसते, आणि त्याचा भुर्दंड ज्याच्या खिशाला बसतो तो हप्त्याने गाडी घेतलेला, खाडा झाला की रोज बुडणारा माणूस असतो.

पिंपरी-चिंचवडकरांनी तरी हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नये. १९७२ साली आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि फिरोदियांची लुना रस्त्यावर आली, आणि साध्या नोकरदाराच्या दारात स्वतःचे वाहन उभे राहिले. त्या गाड्या वर्षानुवर्षे टिकल्या त्या केवळ कारखान्यातल्या पोलादाच्या बळावर नव्हेत. गावोगावी झाडाखाली हत्यारांची पेटी घेऊन बसलेल्या मेकॅनिकने त्या जगविल्या. सुटा भाग बाजारात मिळत होता, यंत्र उघडून पाहता येत होते आणि पाहून शिकता येत होते. आता काळ पालटला आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर धावू लागली, २०२२ साली तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना उभा राहिला, आणि २०२४ साली लुनाही विजेच्या रूपाने परतली. या पालटाचे आम्ही स्वागतच करतो. आमचा रोख कोणा एका कारखान्यावर नाही. प्रश्न एवढाच आहे की, नव्या गाडीबरोबर नवा मेकॅनिकही जन्मास येणार आहे की नाही?

विजेच्या प्रत्येक गाडीची मोटार चाकात असते असे नाही. परंतु विजेच्या सायकली आणि हलक्या स्कूटरी यांत ती बहुधा तेथेच असते. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला, वजनाची मर्यादा पाळली असल्यास, नोंदणी आणि परवाना लागत नाही. साहजिकच अल्प मिळकतीच्या लोकांकडे याच गाड्या अधिक दिसतात. या मोटारीत गूढ असे काही नाही. तांब्याच्या तारेची वेटोळी एक्सलवर स्थिर असतात आणि त्यांच्याभोवती लोहचुंबकांचे कडे चाकासह फिरते. तीन जाड तारांतून कंट्रोलर क्रमाक्रमाने वीज सोडतो. चुंबक या क्षणी कोठे आहे याची वर्दी त्याला तीन लहानसे हॉल सेन्सर देतात. एडविन हॉल याने १८७९ साली शोधून काढलेल्या परिणामावर चालणारा हा सेन्सर तांदळाच्या काही दाण्यांएवढा असतो. तीनांपैकी एकाने वर्दी देणे बंद केले की धडधाकट मोटार गुरगुरते, हिसके देते आणि जागच्या जागी थरथरते. स्वाराला वाटते, मोटार जळाली!

दोष नेमका कोठे आहे हे शोधण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. प्रथम ब्रेकची दांडी पाहावी. तिच्यातला स्विच अडकून राहिला तरी मोटारीची वीज तुटते. मग बॅटरीची जोडणी सोडून, चाक उचलून हाताने फिरवावे. आत गिअर असलेली मोटार असेल तर उलट्या दिशेने फिरवावे. चाक अडखळत, जड फिरत असेल तर तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवून, एकमेकींना लागू न देता पुन्हा फिरवावे. आता ते हलके झाले तर दोष कंट्रोलरचा, मोटार निर्दोष. तरीही जडच राहिले तर बिघाड आतल्या वेटोळ्यांत अथवा तारांत. पुढे त्या तीन तारांपैकी दोन-दोन आळीपाळीने जोडून चाक फिरवावे. तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. जेथे तो जाणवत नाही तेथे तार तुटलेली आहे. शेवटी सेन्सर. जाड तारा सुट्या ठेवून बॅटरी जोडावी आणि साध्या मल्टिमीटरने प्रत्येक सेन्सरच्या तारेवर पाहावे. चाक हळूहळू फिरविताना काटा शून्य आणि पाच व्होल्टच्या आसपास आलटून पालटून गेला पाहिजे. एकाच ठिकाणी ठाण मांडून बसणारा सेन्सर गेलेला समजावा. आयटीआयचा फिटर हे सारे अर्ध्या तासात करू शकेल.

बिघाडाची कारणेही आपल्या रस्त्यांवर उघडी पडलेली आहेत. मोटारीच्या साऱ्या तारा पोकळ एक्सलमधून बाहेर येतात, आणि तेथूनच पावसाचे पाणी आत शिरते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी एक्सलचा नट सैल झाला की मोटारीच्या जोराने एक्सलच फिरते आणि तारा पिळवटून तुटतात. पाठीवर ओझे घेऊन उड्डाणपुलाचा चढ चढताना मोटार तापते आणि सेन्सर निकामी होतो. यांपैकी कोणत्या बिघाडाला नवी मोटार हाच इलाज आहे? सेन्सर बदलता येतो, तारा नव्याने ओढता येतात, बेअरिंग ठोकून काढता येते, आणि वेटोळे जळालेच तर विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी पिढ्यान्‌पिढ्या भरून देणारे रिवाइंडिंगवाले आपल्या तालुक्या-तालुक्यांत बसलेले आहेत. सेन्सरसाठी मोटार फेकणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असाच प्रकार होय.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. अडाणी हाताने बॅटरी उघडली तर आग लागू शकते. वेगाची मर्यादा काढून टाकणारे महाभागही आहेत. मोटार उघडताना चुंबकांच्या ओढीने बोटे चिरडण्याचा संभव असतो. हे सर्व आम्हांला मान्य आहे. बॅटरीचे पोट प्रशिक्षित माणसानेच उघडावे, याविषयी दुमत असू नये. परंतु बॅटरीचे भय दाखवून तारा, सेन्सर, बेअरिंग आणि स्विच यांनाही कुलूप घालणे हा न्याय नव्हे. ज्ञान लपविल्याने अपघात टळत नाहीत. उलट माणूस अंदाजाने तारा जोडू लागतो आणि अपघात ओढवून घेतो.

या वादाला आपल्या देशात पूर्वपीठिका आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटारगाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यांत चाकणला कारखाने असलेल्या कंपन्याही होत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण जे तत्त्व आयोगाने सांगितले ते विसरण्याजोगे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वाहने हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक ठरविले. तिकडे युरोपीय संघाने २०२३ साली असा नियम केला की, १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या स्वतंत्र कारागिराला काढता-बसविता येतील अशाच असाव्यात. तेथे बॅटरीबाबत जे शक्य मानले गेले, ते येथे मोटारीच्या एका तारेबाबत अशक्य का असावे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक कारखानदाराने गाडीबरोबर तिच्या वायरिंगचा नकाशा मराठीत द्यावा. सेन्सर, बेअरिंग, कनेक्टर आणि तारांचा जुडगा सुटा विकावा. मोटार बदलण्यास सांगणाऱ्या दुकानाने कोणती तपासणी केली आणि तीत काय आढळले हे लेखी द्यावे, आणि जुनी मोटार मालकाला परत करावी. महापालिकेचे मोरवाडी येथे स्वतःचे औद्योगिक प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे रस्त्यावरच्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचे अल्पमुदतीचे वर्ग चालवावेत, त्यांना शाळेच्या दाखल्याची अट घालू नये. आणि मेकॅनिक बंधूंना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, कार्ब्युरेटरवर बसलेला हात मल्टिमीटरवरही बसेल. ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून गिऱ्हाईक परत पाठवू नका.

ज्याला आपली वस्तू उघडता येत नाही, तो तिचा मालक नावापुरताच असतो. दुचाकी घडविण्याचा मान या नगरीने मिळविला आहे. ती ढकलीत नेणाऱ्या कामगाराला त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, परवडेल अशा दामात ती दुरुस्त करून मिळेल, तेव्हाच तो मान पुरा होईल. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी कारखानदार, महापालिका आणि मेकॅनिक यांनी एकत्र बसून या कामाला आरंभ करावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.