नवऱ्याच्या नावावरचं रान

दूधगंगेच्या काठी, कर्नाटकातल्या सदलग्याच्या रानांत ऊस नवरा-बायको दोघं पिकवतात. उतारा मात्र बहुतेक घरांत एकट्या नवऱ्याच्या नावावर असतो. संसार सुरळीत आहे तोवर हे कुणाला खुपत नाही. आपलं घर, आपलं रान, असंच दोघं म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. इथल्या हिंदू आणि जैन घरांना लागू असलेल्या कायद्यात नुसत्या लग्नाने नवऱ्याच्या मिळकतीत बायकोची मालकी येत नाही. तिचे दागिने मोडून रान घेतलं आणि खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावावर झालं, तर पुढे आपले पैसे सिद्ध करता करता तिचं आयुष्य जातं.

घटस्फोटात कोर्ट पोटगी ठरवतं. जमिनीत हिस्सा मागायचा हक्क तिला नाही, आणि त्यानंतर ती नवऱ्याची वारसही उरत नाही. असा हिस्सा देऊ पाहणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत बारगळलं. घाट उतरून गोव्यात गेलं की मात्र, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मिळकत दोघांची निम्मी निम्मी.

आपल्याकडे हक्क येतो तो नवरा गेल्यावर. तोही किती, हे हिराबाई मगदूम यांच्या खटल्यात दिसतं. पती 1960 मध्ये वारले. मागे त्या, दोन मुलगे, तीन मुली. पुढे त्यांनी सांगलीत दावा लावला. खालच्या कोर्टाने त्यांना चोविसावा हिस्सा दिला. हायकोर्टाने तो हिशेब बदलला आणि 1978 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तो बदल कायम केला. मृत्यूच्या क्षणी नवरा, बायको आणि दोन मुलगे यांच्यात वाटणी झाली असं धरायचं, तीत बायकोला चौथा भाग. शिवाय नवऱ्याच्या चौथ्या भागात सहा वारसांपैकी एकीचा. म्हणजे 24 एकर धरले, तर एका एकराऐवजी सात.

2005 च्या कायदादुरुस्तीनंतर मुलीही जन्मतः हिस्सेदार झाल्या. त्याच पद्धतीने मांडलं, तर त्याच घरात आईला आता चार एकर येतील. मुलींना मिळालं ते न्याय्यच आहे. पण आईचा वाटा आजही दुसऱ्यांच्या वाटणीवर अवलंबून आहे. नवरा हयात असेपर्यंत ती स्वतः वडिलोपार्जित जमिनीची वाटणी मागू शकत नाही. स्वकष्टार्जित जमीन तर नवरा मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतो.

निपाणीत 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांचं आंदोलन उभं करणाऱ्या शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने जिवंतपणीच काही जमीन बायकोच्या नावावर करावी. महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ते केलं. मला आजही याहून खात्रीचा उपाय दिसत नाही, कारण खरा घात तेराव्यानंतर होतो. वारसा नोंदीची घाई सुरू असते, कागद कानडीत, बाई मराठी वाचणारी किंवा तेही न येणारी. मुलगा किंवा दीर म्हणतो, ‘इथं सही कर.’

नुसत्या वारसा नोंदीतून नाव गळलं, तर तेवढ्याने मालकी जात नाही. रजिस्टर केलेल्या हक्कसोडपत्राने जाते. म्हणून सही करण्याआधी तो कागद घराबाहेरच्या, कानडी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. फसवून सही घेतल्याचं कळलं, तर कळल्यापासून तीन वर्षांच्या आत पत्र रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. भावकीतली समजुतीची बोलणी ही मुदत थांबवत नाहीत.