आजीच्या ताटात काय आहे?

नरकचतुर्दशीची पहाट. घरातली चार माणसे एकापाठोपाठ न्हाऊन गेलेली, न्हाणीघराच्या फरशीवर तेल, उटणे आणि साबण ह्यांचा राडा, आणि सगळ्यांचे आटोपल्यावर, अगदी शेवटी, आजी आंघोळीला निघालेल्या. ह्या पहाटेचे कौतुक पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र हल्ली दिवाळी म्हटले की ती फरशी आधी दिसते.

आमच्या शेजारच्या आजी दोन वर्षांपूर्वी तेथेच घसरल्या. पडणे असे मोठे नव्हतेच. खाली बसल्यासारख्या झाल्या, एवढेच. पण खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आज काठी घेऊन घरात हिंडतात. पण जिना उतरून देवळात जाणे सुटले ते सुटलेच. "फरशीच घसरडी होती हो!" असे जो तो म्हणाला. खरेच आहे. पण त्याच फरशीवर अर्ध्या तासापूर्वी त्यांचा आठ वर्षांचा नातू सपशेल आपटला होता आणि हसत उठला होता. फरशी दोघांना एकच होती. आजींचे हाड काही त्या पहाटे कमजोर झाले नव्हते. ते काम वीस वर्षे चालले होते, आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

हाड म्हणजे आपल्याला दगडासारखे वाटते, पण ते जिवंत असते. जन्मभर झिजते आणि पुन्हा भरते. शरीरातल्या कॅल्शियमपैकी 99 टक्के हाडांत आणि दातांत साठवलेले असते. उरलेला जो एक टक्का, त्यातला काही रक्तात लागतो, त्यावाचून हृदयाचे स्नायूही चालायचे नाहीत. तेव्हा जेवणातून कॅल्शियम आले नाही, की शरीर हाडांतून काढून घेते. पोस्टातल्या खात्यासारखाच हा प्रकार. तिशीपर्यंत जमा होते तेवढे होते. बायकांची पाळी थांबली की पुढची पाच-सात वर्षे खाते भराभर उतरते. पुरुषांचे सावकाश उतरते, पण सत्तरीनंतर त्यांनीही निर्धास्त राहू नये.

आजी इस्पितळातून घरी आल्यावर त्यांच्या सूनबाई आणि मी वही घेऊन बसलो आणि आजींचा एका दिवसाचा आहार लिहून काढला. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एक पोळी, भाजी, थोडा भात आणि आमटीचे वरवरचे पाणी. चारला पुन्हा चहा. रात्री कवळी टोचते म्हणून मऊ भात आणि पातळ ताक. बेरीज केली तर प्रथिने वीस-बावीस ग्रॅमच्या पुढे जाईनात, आणि कॅल्शियम कसेबसे तीनशे मिलिग्रॅम! आजींचे वजन पन्नास किलो. उतारवयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत असे आता तज्ज्ञ सांगतात, म्हणजे पन्नास ते साठ ग्रॅम. आणि पाळी थांबलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशीत आहे.

"अगं, मला आता काय करायचंय खाऊन? म्हाताऱ्या माणसानं हलकंच खावं," आजी म्हणाल्या. घरोघरी हेच ऐकू येते, आणि आपण त्याला संयम समजतो. दूध आधी नातवाला, मग चहाला. उरले तर दही. दह्यातून उरले त्याचे ताक आणि त्या ताकात पाणी. आजींच्या वाटीपर्यंत येईतो दुधाचा फक्त रंग शिल्लक राहतो.

ताट बदलून ह्या वयात काय होणार, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियातल्या 60 वृद्धनिवासांत हा प्रयोग होऊन गेला आहे. तेथील सात हजारांवर रहिवाशांचे सरासरी वय होते 86. निम्म्या निवासांत दूध, दही आणि चीज वाढवले, बाकीच्यांत नेहमीचेच जेवण ठेवले. दोन वर्षांनी पाहिले तो जादा दूधदुभते मिळालेल्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण 33 टक्क्यांनी कमी, आणि खुब्याचे हाड मोडण्याचे 46 टक्क्यांनी! हे 2021 साली प्रसिद्ध झाले. शहाऐंशीव्या वर्षी ज्याचा उपयोग होतो ते सत्तरीत फुकट कसे जाईल?

आपल्याकडे चीजच हवे असे नाही. पेलाभर दूध, वाटीभर घट्ट दही, एक नाचणीची भाकरी आणि दोन चमचे तिळाची चटणी एवढ्यात सातशे मिलिग्रॅम भरतात. दूध पचत नसेल त्यांना दही बहुधा पचते. कवळीवाल्यांनी नाचणीची आंबील करावी. शेवग्याचा पाला टाकू नये. पालकाचा मात्र भरवसा धरू नका. त्यातले कॅल्शियम अंगी फारसे लागत नाही. वरण घट्ट वाढावे, आणि चालत असेल त्यांनी अंडे खावे, मासे खावेत. बारीक मासळी काट्यांसकट चावता आली तर फारच उत्तम. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

आता उन्हाविषयी. 'ड' जीवनसत्त्वावाचून कॅल्शियम शोषले जात नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते; म्हणून आजोबा सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसतात. बसोत बापडे, मनाला बरे वाटते. पण जी किरणे त्वचेत 'ड' तयार करतात ती त्या वेळी फारशी पोचतच नाहीत, आणि बंद खिडकीची काच ती अडवून धरते. अकरा ते दोनच्या दरम्यान, हातपाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे बसावे लागते. (वैशाखात नागपूरकरांनी हा प्रयोग करू नये.) वयाबरोबर त्वचेची ही शक्तीही उणावते, म्हणून गोळी घ्यावी लागली तर बेताची घ्यावी, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. "वर्षातून एकदाच मोठा डोस घेतला की झालं" असे मानणाऱ्यांसाठी सांगते : ऑस्ट्रेलियातच सत्तरीपुढच्या बायकांना वर्षाकाठी पाच लाख युनिटांचा एक डोस देऊन पाहिला, तर त्या अधिकच पडल्या आणि हाडेही अधिक मोडली.

गुडघ्यांची झीज भरून काढणारा पदार्थ कोणत्याही स्वयंपाकघरात नाही. जाहिराती काहीही म्हणोत. एक किलो वजन उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो, हाच काय तो आहाराचा उपाय. दुसरा उपाय मांडीच्या स्नायूंचा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे, बसावे, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. आधी जमणार नाही, तर टेबलाला धरून. बोस्टनमध्ये 1990 साली नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांचे व्यायाम दिले, तर आठ आठवड्यांत पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली.

आजींच्या घरी आता न्हाणीघरात धरायला दांडी आली आहे, आणि दिवाळीला पहिली आंघोळ त्यांची, कोरड्या फरशीवर. कारीटसुद्धा त्या स्टुलावर बसून फोडतात. एका पायावर उभे राहायचे नाही, असा नातवाचा दंडक आहे.

त्या दिवशी वही मिटण्याआधी सूनबाईंनी पान उलटले आणि पुढच्या पानावर आपला स्वतःचा आहार लिहिला. त्यांना एकावन्नावे चालू होते. पाळी थांबून दोन वर्षे झाली होती. सकाळी चहा. दुपारी दोन पोळ्या, उरलेली भाजी. चारला चहा. लिहिता लिहिता 'दूध'पाशी त्या थांबल्या, माझ्याकडे पाहून जराशा हसल्या, आणि पुढे लिहिले, 'चहापुरते'.