धवलारिणीचे गाणे कोण टिपणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनत्वाची चर्चा निघाली की तेराव्या शतकातील महदंबेचे नाव आदराने घेतले जाते. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ती ओळखली जाते आणि तिचे ‘धवळे’ म्हणजे विवाहप्रसंगी गायची गीते होत. हाच गीतप्रकार, जवळजवळ याच नावाने, ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आगरी वस्त्यांतून अजून गायिला जातो. तो गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. महदंबेचे धवळे पाठ्यपुस्तकांत सुरक्षित आहेत. धवलारिणीचे धवले मात्र तिच्या स्मरणाबाहेर फारसे कोठेच नाहीत.

हे गाणे विरत चालले आहे याचा दोष केवळ हळदीच्या रात्रीच्या कर्ण्यांवर टाकता येणार नाही. लोकगीत हे श्रमाचे आणि विधीचे उपउत्पादन असते. जात्याबरोबर ओवी आली, भातलावणीबरोबर लावणीची गाणी आली. साठच्या दशकात डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली, आणि शेते, मिठागरे व खाडीची मासेमारी यांवर जगणारी गावे पाहता पाहता इमारतींच्या आड गेली. जमिनीला भाव आला. त्या जमिनीवरच्या गाण्याला मात्र बाजारात भाव नव्हता. ज्या वस्तूचा लाभ साऱ्या समाजाला होतो, पण जिची किंमत कोणीही एकटा मोजत नाही, ती बाजारावर सोपवली तर नष्ट होते. अशा ठिकाणी सार्वजनिक खर्चाला पर्याय नसतो.

महाराष्ट्राने हे तत्त्व एकदा आचरून दाखविले आहे. डॉ. सरोजिनी बाबर (१९२०–२००८) या सांगली जिल्ह्यातील बागणीच्या. ‘झोळणा’ हा कवितासंग्रह त्यांच्या नावावर आहे. त्या विधानसभेत आणि पुढे राज्यसभेतही होत्या. वडील कृ. भा. बाबर यांच्या समाजशिक्षणमालेचे संपादन त्यांनी सांभाळले. परंतु त्यांचे चिरस्थायी कार्य घडले ते राज्य शासनाच्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्षा म्हणून. ‘जा माझ्या माहेरा’, ‘एक होता राजा’, ‘भोंडला-भुलाबाई’ अशी पुस्तके एकामागून एक निघाली आणि खेड्यातील निरक्षर स्त्रीची वाणी सरकारी खर्चाने छापली गेली. संशोधकाची शिस्त, कवयित्रीचा कान आणि लोकप्रतिनिधीचा अधिकार एकत्र आला, म्हणून हे घडले. अधिकाराविना नुसती तळमळ पुरली नसती आणि तळमळीविना नुसते अनुदान व्यर्थ गेले असते.

हीच वाट पुढेही चालली गेली. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. कवयित्री कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी ‘वारली लोकगीते’ संकलित केली. वारल्यांतही लग्न लावणारी धवलेरी असते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. काळ बदलला, जाते गेले, मग ओवी जाणारच. तिच्यासाठी अश्रू ढाळण्यात काय अर्थ? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. पहाटे उठून दळणाऱ्या बाईची त्या कष्टांतून सुटका झाली, याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु येथे कोणी जाते परत मागत नाही. मागणी आहे ती नोंदीची. त्या बाईने दळताना आपले दुःख, आपला संसार आणि आपला देव ज्या शब्दांत मांडला, तोच तिच्या जीवनाचा एकमेव दस्तऐवज आहे. तो हरवला तर इतिहासात तिची सहीही उरणार नाही.

अडचण साधनांची नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. मात्र नुसता आवाज साठवून भागत नाही; आगरी बोलीतील शब्दाचा अर्थ, गाण्याचा प्रसंग, विधीचा क्रम हे सारे गाणारीलाच विचारून लिहावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळतात. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांत याच गावांतील मुले-मुली शिकतात. त्यांच्या आज्या हेच त्यांचे संदर्भग्रंथ आहेत. महानगरपालिकांनी धवलारिणींना मानधन द्यावे, महाविद्यालयांनी नोंदी कराव्यात आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय व कल्याणचे सार्वजनिक वाचनालय यांसारख्या शतकोत्तर संस्थांनी त्या जतन कराव्यात, एवढी ही योजना साधी आहे. रस्त्यांच्या खर्चापुढे तिचा खर्च नगण्य ठरेल.

रस्ता यंदा झाला नाही तर पुढील वर्षी होऊ शकतो. धवलारिणीच्या बाबतीत तशी सवलत नाही. अभिजात भाषेचा गौरव करणाऱ्या समाजाने निदान एवढा हिशेब तरी वेळेवर मांडावा.