लांबलं, पण थांबलं नाही

युवक महोत्सव संपला की बीडमधल्या कितीतरी पोरापोरींचं गाणं आणि नाटकही तिथंच संपतं. पेटी माळ्यावर जाते, आपण अभ्यासिकेत. ‘आधी एमपीएससी, मग बघू’ असं तुम्हीही कधी तरी म्हणाला असालच. त्यात चूक काहीच नाही. आई-बाप कोयता घेऊन उसाच्या फडात असतील, तर आधी नोकरीच दिसणार. ‘नोकरी सोड, मनाचं ऐक’ हे पोट भरलेल्यानं सांगायला सोपं असतं.

म्हणूनच वसंतराव देशपांडे आठवतात. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. एकट्या आईनं नागपुरात वाढवलं. भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या १९३५ च्या सिनेमात हा मुलगा कृष्ण झाला. आता पोरगं हिरो होणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण झालं काय, तर पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी! एक-दोन नाही, वीसहून अधिक वर्षं दिवसा हिशेबाची कागदपत्रं आणि उरलेल्या वेळात गाणं.

१९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. खाँसाहेबांच्या भूमिकेत गाणारे वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे होते. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत आणि अभिनय, सगळं त्या एका भूमिकेच्या कामी आलं. १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी ते गेले. नातू राहुल देशपांडे यांनी ‘मी वसंतराव’ सिनेमात आजोबा साकारले, तेही स्वतः गाऊन.

मात्र यातून ‘४७ पर्यंत वेळ आहे’ असा सोयीचा अर्थ काढू नका. वसंतरावांचं नाव व्हायला वेळ लागला, गाणं मात्र एक दिवसही माळ्यावर गेलं नव्हतं. लांबणं आणि थांबणं यात हाच फरक आहे. लांबलेलं काम एक दिवस मार्गी लागतं. थांबलेला गळा मात्र बोलावलं म्हणून लगेच परत येत नाही.

तेव्हा परीक्षा द्याच, नोकरीही मिळवा. फक्त ती पेटी खाली काढा. रोज अर्धा तास तिच्यासमोर बसा. घरचे ‘यानं काय होणार?’ असं विचारतीलच. उत्तर आज देता येणार नाही. पण ते देण्याइतका गळा तरी शिल्लक ठेवा.