स्वस्त फोन आणि हयातीचा दाखला

गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं एक प्रश्न उभा राहिला : थोरल्या वहिनी जिवंत आहेत हें सिद्ध कसें करावें? वहिनींचें वय ८३. कंबरेच्या दुखण्यानें त्या दोन वर्षें अंथरुणावर आहेत. थोरले बंधु टपालखात्यांत होते. त्यांच्या पश्चात् वहिनींस कुटुंब-निवृत्तिवेतन मिळतें, आणि तें चालू राहण्यास दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वीं त्यांना रिक्षांत बसवून पेढीवर नेत असूं. जालन्याच्या रस्त्यांवरून आतां तें करवेना.

केंद्र सरकारनें २०१४ सालीं ‘जीवन प्रमाण’ ही सोय काढली. तींत आधीं बोटाचा ठसा लागे. पण जन्मभर भांडीं घासलेल्या हातांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या. २०२१ पासून मात्र फोनपुढें चेहरा धरूनहि दाखला देतां येतो. हें ऐकून आम्हीं पुतण्याचा फोन मागविला. मोंढ्याजवळच्या दुकानांतून सात हजारांच्या आंत घेतलेला, नवा कोरा. तीन वेळां प्रयत्न झाला. फोन बराच विचार करी, आणि पडदा काळा होई. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, मी जिवंत आहे हें तुम्हांला दिसतंय ना? मग या डबीला कां दिसेना?”

उत्तर आम्हांसहि ठाऊक नव्हतें. म्हणून चष्मा पुसून खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला, आणि मुलांस विचारून जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवितों. फोनांत दोन जागा असतात. एक कोठीची खोली. फोटो, पत्रें, निरनिराळीं ॲप तेथें राहतात. या फोनांत ती ३२ जीबी, आणि त्यांतील बराच भाग फोनची स्वतःची आज्ञावलीच अडवून बसते. दुसरी ओसरीवरची पंगत, जिला रॅम म्हणतात. जें काम चालू असेल तें येथें पानावर बसतें. पंगत लहान असली म्हणजे नवा पाहुणा आला कीं आधींच्यास अर्ध्या जेवणावरून उठवावें लागतें. फोन अडखळतो तो यामुळें. पुतण्याच्या फोनची पंगत २ जीबीची. आणि जीवन प्रमाणच्या ज्या सूचना आम्हीं वाचल्या त्यांत रॅम ४ जीबी व साठवण ६४ जीबी मागितलेली!

अशा हलक्या फोनांसाठींच गूगलनें २०१७ सालीं अँड्रॉइडची ‘गो’ ही आटोपशीर आवृत्ति काढली. २०२१ च्या दिवाळींत ६,४९९ रुपयांस आलेल्या जिओफोन नेक्स्टमध्येंहि ‘प्रगति’ या नांवानें अँड्रॉइडचाच खास बनविलेला अवतार होता, २ जीबींत चालणारा. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणें आणि भाषांतर करणें हे त्याचे विशेष. मोतीबिंदु झालेल्या माणसास ही सोय केवढी! स्वस्त तें टाकाऊ असें आम्ही मुळींच मानीत नाहीं.

राग येतो तो कांहीं खोक्यांवरील जाहिरातीचा. ‘८ जीबी’ असें ठळक छापलेलें, आणि खालीं मुंगीच्या अक्षरांत ४ अधिक ४. हे दुसरे ४ म्हणजे कोठीच्या खोलींत मांडलेले पाट. तेथें वाढायला वेळ लागणारच. दुकानदारास कॅमेऱ्याचे आंकडे विचारण्यापेक्षां खरी रॅम किती, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षें मिळणार, हें विचारावें. ज्या घरांत पैशांचे व्यवहार फोनवरून चालतात तेथें दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. (मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ अनेक फोन हिंदी वळणाचे दाखवितात, २००९ चा शासननिर्णय असूनहि! पण तो राग पुन्हां केव्हां तरी.)

असो. शेवटीं सूनबाईंनीं आपला जुना, पण ६ जीबीचा फोन आणला. खिडकीचा उजेड तोंडावर घेऊन वहिनींनीं डोळे एकदां मिटून उघडले, आणि दाखला निघाला. पापण्यांची ही उघडझांप फोन मुद्दाम मागतो. तसबिरीस ती करतां येत नाहीं. “एवढ्यासाठीं मी सकाळपासून केस विंचरून बसले होते!” वहिनी म्हणाल्या.

पुतण्याचा फोन आतां त्यांच्याच उशाशीं असतो. सकाळीं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवितो, एखाद्या जोडाक्षरावर अडखळला कीं त्या म्हणतात, “सावकाश, बाळा.”