इंदूर ते मुंबई : अंतर किती?

इंदुराहून मुंबई किती दूर, असे कोणी विचारले तर आजकाल पुष्कळ विद्यार्थी किलोमीटर न सांगता ‘तासाभराची’ असे उत्तर देतात. उत्तर सुटसुटीत आहे खरे. परंतु ते विमानाचे उत्तर आहे, प्रवाशाचे नव्हे, असे आमचे मत आहे.

दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ५०५ किलोमीटर भरते. सेंधवा, धुळे, नाशिक या जुन्या आग्रा रस्त्याने मोटार नेली, तर ते ५८५च्या घरात जाते. रेल्वेची तऱ्हा त्याहून निराळी. ती मुंबईकडे पाठ फिरवून आधी उत्तरेस उज्जैनकडे निघते आणि रतलाम, दाहोद, वडोदरा असा वळसा घालून सुमारे ८३० किलोमीटर तोडल्यावर मुंबईस पोहोचते. त्यात सबंध रात्र सरते.

आता विमानाचा हिशेब पाहू. उंचीवर गेलेले जेट विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर ५०५ किलोमीटरांस ३८ मिनिटे पुरावीत. मग वेळापत्रकात सव्वा ते दीड तास का बरे छापतात? कारण ती वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी जागेवर उभे राहीपर्यंतची असते. इतक्या लहान प्रवासात चढण्यात आणि उतरण्यातच बराच वेळ जातो, आणि तेव्हा वेग कमी असतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात; दोन असूनही त्यांचा दुहेरी उपयोग होत नाही. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. वेळापत्रक करणारे हा खोळंबा आधीच जमेस धरतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा वाहतो, त्यामुळे मुंबईकडे जाताना तो थोडा आडवा येतो. परतताना तोच साह्य करतो. भूगोलात शिकलेले वारे असे तिकिटावरही भेटतात!

घरातून निघणे, विमानतळावरील तपासणी आणि मुंबईत उतरल्यावर दादर-गिरगाव गाठणे हे सारे मिळवले, तर तासाभराचे पाच तास सहज होतात. तरीही रात्रीच्या गाडीहून ते कमीच आहेत, आणि आजारपणात किंवा अंत्यसमयी विमान हे वरदानच ठरते. ते आम्ही नाकारीत नाही. परंतु लग्नकार्यास किंवा सुटीत आजोळी पाच माणसांचे कुटुंब सामानसुमानासह निघते, तेव्हा पाच तिकिटांचे पैसे मोजणे किती घरांस परवडते? दिवसागणिक बदलणारे ते भाडे पाहून बहुतेक मराठी घरे अखेर रेल्वेकडेच वळतात. त्यांच्यासाठी मुंबई अजून ८३० किलोमीटर दूर आहे.

म्हणूनच मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाचे महत्त्व आम्हांस नव्या विमानफेरीहून अधिक वाटते. ३०९ किलोमीटरांच्या या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. मनमाडपासून मुंबई सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे सारा प्रवास ५७०च्या आसपास येईल. वाटेत सातपुडा आहे, नर्मदा आहे, विंध्याचा चढ आहे. काम सोपे नाही, हे मान्य. पण एकोणिसाव्या शतकात खंडव्याहून इंदुरास रेल्वे आणण्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. तेव्हाही वाटेत हीच नर्मदा आणि हाच विंध्य होता.